निवळी

बारामतीच्या आमच्या घरात टीव्हीशेजारी काचेची एक पेटी आहे आणि तिच्यात समुद्र आहे. समुद्र म्हणजे आपला दुधाचा एक कॅन ओतला तर भरून जाईल एवढा.

माझी नात सुकन्या हिने तो आणला. ती डेअरीच्या लॅबमध्ये कामाला होती. गावोगावच्या दुधात कुणी काय मिसळलंय ते थेंब टाकून शोधायचं, हे तिचं काम. पुण्याहून तिने पेटी आणली, पांढरी वाळू आणली, भोकाभोकांचे दगड आणले आणि मीठ आणलं. ते मीठ फिल्टरच्या पाण्यात मोजून कालवायचं, मग एका नळीच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवून ती नळी दुर्बिणीसारखी डोळ्याला लावायची आणि खारटपणा बरोबर आहे का ते बघायचं.

मला हसू आलं. आमचं जुनं गाव भीमेच्या काठावर होतं. उजनीचं धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि आम्हाला इंदापूर तालुक्यातच दुसरीकडे जमीन मिळाली. तिथं कालव्याचं पाणी आलं तसं जमिनीतलं मीठही वर आलं. उन्हाळ्यात रान पांढरं पडायचं. सुकन्याच्या आजोबांनी सगळी हयात ते मीठ धुण्यात घालवली, आणि त्यांची नात पुडे विकत आणून पाणी खारं करत होती.

"आज्याला सांगितलं असतंस तर पोतं भरून दिलं असतं," मी म्हणाले.

"आजी, हे समुद्राचं मीठ असतं. शेतातलं नाही चालत."

"आमाला बी न्हाय चाललं बाई."

ती खूप हसली. माझ्या बोलण्याला त्या घरात हसणारं तेवढंच एक माणूस होतं.

मासे दोनच होते. केशरी अंगावर पांढरे पट्टे, बोटभर लांबीचे. त्यांची नावं मी ठेवली. मोठा तो सोनबा, आणि त्याच्या आडून बघायची ती छकुली. संध्याकाळी कामावरून आल्यावर सुकन्या पेटीसमोर स्टुलावर बसायची, मी पलंगावर. ती चिमटीने त्यांना दाणे टाकायची आणि मला नदीचं विचारायची. नदीत कुठले मासे होते, तू पोहायचीस का, पूर यायचा तेव्हा काय करायचात. मी सांगायचे. मरळ, वाम, शिंगटा. घाटाच्या खालच्या पायरीवर माझ्या सासूबाई कणकेच्या गोळ्या सोडायच्या, तेव्हा मासे त्यांच्या जोडव्यांना तोंड लावायचे. हे मी सांगत असायचे तेव्हा माझी सून माधवी तिथंच खाली बसून भाजी निवडत असायची. ती ऐकते आहे असं मला कधी वाटलं नाही. लग्न होऊन आल्यापासून तिने माझं बोलणं ऐकल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी उठले तर पेटीतलं पाणी पांढरं झालेलं. तांदळाच्या धुवणासारखं. मागचा दगड दिसेना, सोनबाचा नुसता केशरी डाग हलताना दिसायचा.

माझा मुलगा विजयसिंह चहाचा कप घेऊन समोर उभा राहिला. त्याचं पशुखाद्याचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाशी बोलतो तसाच तो घरात मोठ्याने बोलतो. "दिवसभर दुधातलं पाणी शोधतीस, आन घरात पाण्याचं दूध केलंस व्हय गं!"

सुकन्या हसली नाही. तिने छोट्या बाटलीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते हिरवं झालं. पाण्यात विषार वाढलाय, ती म्हणाली. तिने बादलीभर पाणी काढून नवं घातलं. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता त्याच जुन्या पाण्यात पिळला. दिवा बंद केला, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. मंगळवार-बुधवारपर्यंत पाणी स्वच्छ झालं. शुक्रवारी पुन्हा पांढरं.

मग तिचं शोधणं सुरू झालं. मिठाचा पुडा खराब असेल म्हणून दुसरा आणला. घरच्या फिल्टरवर संशय आला म्हणून डेअरीतून पाणी आणलं. एक नवा दगड घातला होता तो काढून ठेवला. वाळूत नळी घालून खालची घाण ओढून काढली. आठवडाभर पाणी निवळत जायचं, आणि शुक्रवार आला की पुन्हा तेच.

शेवटी तिने पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"मॅडम, कुणीतरी जास्त खायला घालतंय," तो म्हणाला. "घरात लहान मूल आहे का?"

"नाही."

"मग म्हातारं माणूस?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला आता चीड येते.

त्या दिवशी संध्याकाळी मी सुकन्याला म्हणाले, "निवळी उगाळून घालायची का?"

निवळी तिला माहीत नव्हती. मी माझ्या बटव्यातून काढून दाखवली. गोल, चपटी, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी बी. पावसाळ्यात नदीला लाल पाणी यायचं तेव्हा रांजण भरायचा, सहाणेवर निवळी थोडी उगाळायची आणि ते बोट पाण्यात फिरवायचं. सकाळी सगळा गाळ तळाला बसलेला आणि वर पाणी असं की रांजणाचा बुडाचा तडा दिसावा. ही बी सासूबाईंची. एका बाजूने झिजून सपाट झाली होती. गाव सोडताना त्यांनी पाट्यावरवंट्याच्या आधी ती पदरात बांधली होती.

"आजी, प्लीज. यात असलं काही घालायचं नाही हं. मरतील ते."

"घालत न्हाय गं. इचारलं."

"नक्की ना?"

"बया! आता शपथ घालतीस व्हय?"

मी बी परत बटव्यात टाकली. तरी मला एक कळत होतं. हा गाळ नव्हता. गाळ खाली बसतो. हे बसत नव्हतं, आणि पेटीजवळ गेलं की आंबूस वास यायचा, भिजवलेली कणीक दोन दिवस झाकून राहिली की येतो तसा.

पुढच्या गुरुवारी दुपारी मला झोप लागली नव्हती. डोळ्यांवर पदर घेऊन पडले होते. माधवी स्वयंपाकघरातून आली, माझ्याकडे एकदा बघितलं, पेटीचं झाकण उचललं आणि वाटीतून पिवळ्या गोळ्या एकेक करून पाण्यात सोडल्या. मग हात जोडले.

"माधवी," मी म्हणाले.

वाटी तिच्या हातून पडलीच.

ती माझ्या पलंगाजवळ येऊन खाली बसली. सुपे गावच्या एका ज्योतिषाला तिने सुकन्याची पत्रिका दाखवली होती. गुरू कमजोर आहे, दर गुरुवारी हळद घालून कणकेच्या गोळ्या माशांना घाला, वर्ष उलटायच्या आत लगीन होतंय, असं त्याने सांगितलं होतं. सुकन्या अठ्ठावीसची झाली होती. दोन स्थळं तिने स्वतः नाकारली होती, एकांनी हिला. मला विचारल्याशिवाय माझी पत्रिका कुणाला दाखवली तर मी घर सोडून जाईन, असं तिने आईला बजावून ठेवलं होतं, आणि ती बोलते तसं करते.

"अगं मग कालव्यावर जाऊन घाल की," मी म्हणाले.

"कालव्यावर समदी वळखीची. इचारत्यात, कशापायी घालतीस म्हणून. आन तुमीच सांगत हुता की आत्या, तुमच्या सासूबाई घालायच्या."

"त्या नदीत घालायच्या. वाहतं पाणी लागतं त्याला."

"ह्यात बी वाहतंच की. मोटर हाय न्हवं आत."

मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना.

"मासं मरत्याल गं."

"पोरीचं लगीन मोठं का मासा मोठा, आत्या?" तिचे डोळे भरले होते. ते खोटे नव्हते, हे मला आजही म्हणायला हवं. "तिला सांगू नका. तुमच्या पाया पडते."

ती खरंच पाया पडली. मी म्हणाले, परत घालायचं नाही, तर मी कुणाला सांगत नाही. ती व्हय म्हणाली. मी शब्द दिला आणि तिनेही दिला. माझ्या वेळी शब्द असा दिला-घेतला जायचा, की दोन्ही बाजूंनी धरला जायचा. एका बाजूने सोडला तर दुसऱ्याच्या हातात काय राहतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी दुपारी माझा डोळा लागला. उठले तर वाळूवर पिवळे गोळे पडलेले, फुगून कापसासारखे झालेले. सोनबा वर येऊन तोंड उघडत होता. छकुली दगडाला टेकून आडवी झाली होती. सुकन्याला बोलवावं तर ती डेअरीत. मी स्वयंपाकघरातून आमटीचा डाव आणला, बाही वर केली आणि ते गोळे काढायला लागले. हात कोपरापर्यंत पाण्यात. एकेक गोळा डावात घेतला की सुटायचा आणि पाणी आणखी पांढरं व्हायचं. शेवटी मी हातानेच धरला.

त्याच वेळी सुकन्या आली. रोजच्यापेक्षा लवकर.

ती दारात उभी राहिली. तिने माझा ओला हात बघितला, हातातली पिवळी कणीक बघितली, मग छकुलीकडे बघितलं.

"आजी," ती म्हणाली, "काय आहे हे?"

"कणीक हाय. ह्यात पडली हुती. मी काढत हुते गं."

"पडली? पेटीत कणीक पडली?"

माधवी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. आता नाही तर कधी बोलेल. मी तिला वेळ दिला. आयुष्यात मी कुणाला इतका वेळ दिला नसेल.

माधवी म्हणाली, "जाऊ दे गं. म्हातारं माणूस हाय. मुद्दाम का कुणी करतंय?"

त्यानंतर मी काही बोलले असते तरी ते दुसऱ्यावर ढकलणंच झालं असतं. मी शब्द दिला होता.

संध्याकाळी विजयसिंहसमोर सगळं निघालं. निवळी निघाली, सासूबाईंच्या गोळ्या निघाल्या, दुकानदाराचं बोलणं निघालं. मी एवढी वर्षं जे जे हौसेने सांगितलं होतं ते सगळं माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहिलं. "उगाळून घालायची का, असं तूच विचारलं होतंस ना," सुकन्या म्हणाली. ती रडत होती. छकुली वाटीत होती, पांढऱ्या पाण्यात.

"आई, हे असलं काय काय ठिवतीस तू," म्हणून विजयसिंहने माझा बटवा झटकला आणि निवळी घेतली. सकाळी घंटागाडी आली त्यात ती गेली. मी गॅलरीतून गाडी वळेपर्यंत बघत होते.

"थोडं दिस मामाकडं राहून ये," तो म्हणाला. "हवापालट."

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ दत्तोबा. भिगवणला राहतो, मासळीच्या व्यापारात जन्म गेला. त्याच्या घराच्या मागून धरणाचं पाणी दिसतं. त्या दिवसांत तिथं पुण्याची माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून लांब पायांचे पक्षी बघायला येतात आणि बोटीत बसतात. ती बोट जिथून फिरते तिथं खाली आमची आळी आहे, हे कुणाला सांगायचं?

दोन दिवसांनी दत्तोबा म्हणाला, "आक्का, गाव बुडालं तवा तू टिपूस काढलं न्हाईस, आन बोटभर माशासाठी तोंड पाडून बसलीस? सांग, टोपलंभर देतो."

"माशासाठी न्हाय रं."

"मग?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो विडी विझवून म्हणाला, "मग सांगून टाकायचं पोरीला. सुनंनं शब्द पाळला न्हाय, तू कशाला धरून बसलीस?"

मलाही तेच वाटत होतं. ठरवलं, गेले की सांगायचं.

पण महिन्याभराने मी घरी परत गेले तेव्हा घरात पेढे होते. इंदापूरचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, बोलायला सरळ. सुकन्याला तो आवडला होता, तिने स्वतः होकार दिला होता. आणि टीव्हीशेजारी पेटीतलं पाणी असं निवळलं होतं की सोनबा हवेत टांगल्यासारखा दिसत होता.

"बघ आई," विजयसिंह म्हणाला. "तू गेलीस आन पाणी निवळलं."

होकार आला त्या दिवसापासून माधवीने गोळ्या बंद केल्या होत्या. पण हे तिला आणि मलाच माहीत. बाकीच्यांना दिसत होतं ते एवढंच, की म्हातारी घरात होती तेव्हा पाणी पांढरं होतं, आणि म्हातारी गेली तेव्हा स्वच्छ झालं. सुकन्याचा धंदाच तो. एक गोष्ट काढून बघायची आणि फरक पडतो का ते बघायचं. मीठ बदललं, पाणी बदललं, दगड काढला, फरक पडला नाही. मला काढलं, आणि फरक पडला.

तरी मी रात्रीची जेवणं व्हायच्या आधी तिच्या खोलीत गेले.

"सुकन्या, त्या गोळ्या मी घातल्या न्हाईत."

तिने माझा हात हातात घेतला. "आजी, सोड आता तो विषय. मी रागावलेली नाही."

"तुझ्या आईनं घातल्या. तुझ्या लग्नासाठी. सुप्याकडं पत्रिका दाखवली तिनं."

तिने हात सोडला नाही, पण तो एकदम हलका झाला. "आजी, आईवर नको ना ढकलूस. तुला माहितीये, तू नव्हतीस तेव्हा आई एकटी तुझ्या बाजूने बोलत होती. म्हणत होती, वय झालं की कळत नाही माणसाला, तिला घालूनपाडून बोलू नका."

"व्हय. बोलली असंल."

"तू माफी मागायचीही गरज नाही. मी विसरलेय सगळं."

न केलेल्या गोष्टीची माफी मिळाली की ती नाकारता येत नाही. मी उठून आले. माधवी स्वयंपाकघरात ताटं घेत होती. "आत्या, बसा, गरम हाय तवर," ती म्हणाली. तिने माझ्या पानात तूप जास्त वाढलं. मी ते खाल्लं.

त्यानंतर सुकन्या माझ्याशी चांगलं वागायची. औषध घेतलंस का विचारायची, पायात मोजे घालून द्यायची. फक्त स्टुलावर बसून नदीचं विचारायची नाही. पेटीच्या झाकणाला तिने चिमटे लावले होते. दाणे टाकायला उठली की चिमटे काढायची, परत लावायची, आणि ते लावताना माझ्याकडे न बघण्याची काळजी घ्यायची.

मे महिन्यात लग्न झालं. पेटी इंदापूरला न्यायची नाही असं ठरलं, सासरी जागा कमी होती. जायच्या आदल्या दिवशी ती पाणी बदलत होती. मी म्हणाले, "सोनबाला मी बघीन. दिसभर घरीच असते."

तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नको आजी, तुला कशाला त्रास? आईला सगळं शिकवलंय मी. आई बघेल."

माधवी मान खाली घालून बादली उचलत होती. पाणी जरा सांडलं तिच्या हातून.

लग्नाला काही महिने झाले. दिवाळीनंतर माधवी एकदा सुप्याला जाऊन आली. मला काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. पण पुढच्या गुरुवारी दुपारी तिने मूठभर कणीक वेगळी काढली आणि तिच्यात हळद घातली, ती माझ्यासमोरच. आता तिला लपवायचं कारण उरलं नव्हतं. ज्याचं म्हणणं कुणी मानत नाही त्याच्यासमोर माणूस कपडेसुद्धा बदलतं.

"आता कशासाठी?" मी विचारलं.

"पाळणा हलाय नगं व्हय, आत्या?"

तिने चिमटे काढले, गोळ्या सोडल्या, हात जोडले आणि चिमटे पुन्हा नीट लावले, सुकन्याने शिकवले होते तसे.

शुक्रवारी पाणी पांढरं झालं. संध्याकाळी सुकन्याचा फोन आला. ती रोज फोनवर सोनबाला बघते. माधवीने फोन पेटीसमोर धरला आणि पटकन बाजूला घेतला, पण पोरीला दिसायचं ते दिसलं होतं. मी पलंगावर होते. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"आई, परत पांढरं? तू फक्त सकाळी दाणे घालतेस ना?"

"तेवढंच की. तू सांगितल्यावानी."

मग आवाज खाली आणून, मला ऐकू जाऊ नये म्हणून, तिने विचारलं, "आजी घरीच आहे ना?"

माधवीने माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं, पण या वेळी तिला वेळ द्यायचा म्हणून नाही.

"हाय की," माधवी म्हणाली.

त्यात खोटं काहीच नव्हतं.